बाबाच्या डंपरचं पेडल

वणीच्या एसटीत सोनीबाईच्या पुढच्या सीटवर दोन पोरं बोलत होती. पोत्यात बांधलेलं काहीतरी लोखंडी त्यांनी सीटखाली, थेट तिच्या पायाशी सरकवलं होतं.

"विक्की, कम्प्युटरवरच्या विमानाच्या गेमले खरंखुरं पेडल लावाची हौस होती मले. म्हणून भंगारातून बाबाच्या डंपरचं ब्रेकचं पेडल आणलं."

"ज्या डंपरच्या अपघातात ते गेले, त्याचं? प्रफुल्ल, तुले दुसरं नाही भेटलं?"

"तेच पाहिजे होतं. वायर जोडली. स्क्रीनवर पहिले विमानाचा ब्रेक निवडा लागते. मंग जे पेडल दाबलं, ते त्या ब्रेकले लागते."

"मंग दाबलं तू?"

"मी दाबाच्या आधीच लागलं."

"स्प्रिंग अटकली असन."

"खोलून पाह्यली. मोकळी आहे. पण स्क्रीनवर ब्रेक पुरा दाबलेलाच दिसते. इंजिन कितीबी वाढव, विमान जागचं हालत नाही."

"आईले सांगतलं?"

"सांगतलं. पेडलपाशी बसली अन् म्हणे, त्या उतारावर ब्रेक लागला नव्हता ना, तुझे बाबा अजून दाबून राह्यले."

"मंग आता?"

"जिथून आणलं, तिथंच ठेवून ये म्हणे."

बस उताराला लागली. पोत्यात स्प्रिंग करकरली.

"प्रफुल्ल, पाय काढ ना त्याच्यावरून."

"मी तं मांडी घालून बसलो, विक्की."

दोघांनी मागे वळून पाहिलं. सोनीबाईनं आपले पाय केव्हाच सीटवर घेतले होते.