अर्धा कान

भरतकामाच्या दुकानात एक म्हातारे सैनिक तणतणत शिरले. पडदा घेऊन उभी असलेली शिक्षिका ‘रांग आहे हो’ म्हणणार, तोवर त्यांनी आपला कोट दुकानवालीपुढे आपटलासुद्धा.

“बाई, या बिल्ल्यावरच्या खेचराचा कान कुणी वाढवला?”

“मीच, आजोबा. जुन्या बिल्ल्यावर डावा कान अर्धाच होता. म्हटलं, कारागिराची चूक असेल. फुकटात चार टाके घालून पुरा केला.”

“नसतं शहाणपण कुणी सांगितलं होतं? चाळीस वर्षं अख्खी पलटण तो अर्धा कान खांद्यावर मिरवतेय!”

“अहो, पण बाकीच्यांच्या बिल्ल्यावर कसे वाघ-सिंह असतात…”

“वाघ-सिंह! तीन दिवस डोंगरावर अडकलो होतो, तेव्हा कुठला सिंह पाणी घेऊन वर आला? हे आलं! गोळीनं कान उडाला, तरी मागं फिरलं नाही!”

“बरं, रागावू नका. उसवते. कुठपर्यंत उसवू?”

“इथपर्यंत.”

“अंदाजानं नका सांगू हं. पुन्हा चुकायला नको.”

“अंदाज कसला, बाई? पट्टी मीच बांधली होती.”