नावं संपेपर्यंत चालायचं

आमच्या चामोर्शीकडच्या गावात सिनेमा झाला, त्याचं सांगते. शेजारचा सुधाकर दिग्दर्शक, मी त्यातली आई. पटकथेत पहिलंच दृश्य होतं: आई सरपणाची मोळी घेऊन जंगलातून घरी येते आणि पडद्यावर नावं उमटतात. प्रत्येक नावाखाली त्यानं लिहिलं होतं, 'आई चालते.'

शूटिंगला अख्खं गाव जमलं. बैलगाडीवाला म्हणाला, "माहं नाव काऊन नाई?" सुधाकरनं ते लिहिलं, खाली 'आई चालते.' मग मंडपवाला आला, मग भाजी रांधणाऱ्या बाया. गावात नाही कोणाला म्हणणार? नाव वाढलं की माझी वाट वाढायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून निघायची. मान अवघडून गेली.

"सुधाकर, रिकाम्या पडद्यावर दाखव ना नावं."

"रिकामा पडदा कोण पाह्यते, काकू? चाला तुम्ही."

"अन् माहं नाव कुठी हाये?"

"मोठ्या कलाकाराचं शेवटी येते. तुम्ही घरी पोचून मोळी उतरवली का येते."

मी तिथंच बांधावर मोळी टाकली आणि तिच्यावर बसले.

"लिही," म्हटलं, "आई पोचली."