वत्सलाबाईंचा निशिगंध

बंधूंनो, भगिनींनो, मिलिंद, सूनबाई,

आज विहारात बसायला जागा नाही, बाहेर ओट्यावरही माणसं उभी आहेत. मला माईकसमोर बोलायची सवय नाही. जन्मभर कचेरीत कारकुनी केली. खाली मान घालून लिहायचं, एवढंच काम. सांभाळून घ्या.

मिलिंद, तुझी आई, आपल्या वत्सलाबाई जाऊन आज सात दिवस झाले. तुम्ही त्यांना दवाखान्यातल्या सिस्टर म्हणून ओळखता. मी त्यांचा शेजारी. तेवीस वर्षं आमची भिंत एक. आणि खरं सांगतो, त्यातली वीस वर्षं मी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. काहून, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी फोड करून सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, मालतीला, अर्धांगवायूचा झटका आला. सगळ्यात आधी धावत आल्या त्या वत्सलाबाई. दवाखान्यातून घरी आणलं, पण डावी बाजू हलेना. जीभ जड. दिवसभर छताकडं बघत पडून राहायची.

एका सकाळी वत्सलाबाई निशिगंधाच्या पाच दांड्या घेऊन आल्या. कुरुंद्याला त्यांच्या भावाचं शेत आहे, हळदीच्या कडेनं निशिगंध लावलेला. वास आला आणि मालतीनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी मान वळवली! अडखळत म्हणाली, "अर्चू येईपर्यंत... राहू द्या."

अर्चना आमची एकुलती एक लेक. तिनं जातीबाहेर लग्न केलं, म्हणून चार वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो. घरात पाऊल ठेवू नको, असं मीच बजावलं होतं. सांगताना लाज वाटते. पण इथं उभं राहून खोटं कसं बोलू?

वत्सलाबाई मला म्हणाल्या, "भाऊ, फुलं टिकवायचं मी शिकवते. लेकीला बोलवायचं काम तुमचं."

मी म्हणालो, "फुलंच शिकवा."

मग त्यांनी शिकवलं. आधी तांब्या साबणानं घासला. मी म्हटलं, फुलांच्या भांड्याला साबण कशाला?

"कशाला म्हंजे? जखमेला घाण पट्टी बांधता का तुमी? फुलं घाण पाण्यानंच लवकर मरतेत, भाऊ."

धारदार सुरी घेतली, देठ पाण्यात बुडवून तिरपे कापले. पाण्यात बुडणारी पानं काढली. चिमूटभर साखर, चार थेंब लिंबू. तांब्या पंख्याच्या वाऱ्यातून उचलला, पिकल्या केळ्यांपासून लांब नेला आणि मालतीला दिसेल अशा गार कोपऱ्यात ठेवला. "रोज सकाळी पाणी बदला. देठ पेरभर कापा. खालची सुकलेली फुलं खुडत जा, वरच्या कळ्या उमलतेत."

मी कधी स्वतःचा पेला विसळला नव्हता. तो मी रोज सकाळी तांब्या घासू लागलो. मालती बघायची. पाचव्या दिवशी घाईत सुरी फिरवली, तर खाटेवरून आवाज आला, "तिरपा... कापा." मी हसलो. तीही हसली, अर्ध्या ओठानं.

वत्सलाबाई रोज यायच्या, मालतीच्या हातापायांचा व्यायाम करून घ्यायच्या. लेकीचं नाव काढायच्या नाहीत. एकदाही नाही.

नवव्या सकाळी देठ इतके आखूड झाले, की तांब्यात उभे राहीनात. मी ते वाटीत ठेवले. टोकाला एकदोन कळ्या उरलेल्या. मालती नुसती वाटीकडं बघत होती. तेवढ्यात वत्सलाबाई दारात आल्या.

मी म्हटलं, "बाई, नव्या दांड्या आणता का?"

"आणीन की, तिकडं लई हायेत. पण वहिनीनं ह्याच ठेवायला सांगितल्या." थोडं थांबल्या. "तुमी काहून भिऊन राहिले, भाऊ? आपलंच लेकरू हाय ते."

माझ्याकडं नंबरही नव्हता. त्यांच्याकडं होता. चार वर्षं अर्चना त्यांनाच आमची खुशाली विचारत होती. आईचं दुखणंही तिला ठाऊक होतं. ती अडली होती माझ्या एका शब्दावर. फक्त माझ्या.

मी फोन हातात घेतला. म्हटलं, "अर्चू, बाबा बोलतोय."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "बाबा, आई...?"

"आई वाट बघून राहिली तुझी. दोघंही या."

दुसऱ्या दिवशी नांदेडहून दोघं आले. वाटीत एक कळी उमलली होती. मालतीनं चांगल्या हातानं वाटी लेकीकडं सरकवली आणि माझ्याकडं बोट केलं. "बाबांनी... राखली." माझ्यानं तिथं उभं राहवलं नाही. मी अंगणात गेलो. वत्सलाबाई तिथंच होत्या. मला रडू दिलं.

आज मालती समोर बसली आहे, काठी टेकत चालत आली. लेक, जावई मागं आहेत. या बाईंचे आभार मानायचे मात्र राहून गेले. मी विषय काढला, की त्या म्हणायच्या, "व्हय व्हय, वहिनीच्या गोळ्या झाल्या का?"

आता आपण सगळे उभे राहू या. मालती, तू बसूनच राहा. एक मिनिट कुणी काही बोलू नका. त्यांना मनातल्या मनात आठवा.

वत्सलाबाई, तुमच्या या शेजाऱ्याचा तुम्हाला जय भीम.