पाळकसाहेबांचा कोंबडा

कोंबड्यावरून आठवलं. आमच्या पांढरकवड्याच्या चर्चले उज्जीवन सभा, म्हंजे लोकायची भक्ती जागवायची मोठी सभा, घ्यायची होती. प्रार्थना करतो म्हणणारे ढीगभर, पण मंडपासाठी कोणाचा हात खिशात जाईना. शेवटी सुमनमावशीनं आपला कोंबडा अर्पण केला. असं अर्पण आम्ही उपासना झाल्यावर अंगणात लिलावात काढतो. पुकारायचं काम माह्याकडे. घेणाऱ्यानं बोलायचं नाही, नुसता हात वर करायचा, की शंभर वाढले.

कोंबडा पाचशेवर अडला. कोणी हालेना. चर्चचे पाळकसाहेब असे वैतागले, की डोळे मिटून, हात वर करून तिथंच प्रार्थनेले लागले, "प्रभू, इथल्या एका तरी कंजूसाचा हात सैल कर!"

मी म्हणलं, "सहाशे!" त्यायचा हात काही खाली येईना. "सातशे! आठशे! नऊशे!" डोळे मिटलेले मले दिसत होते ना, पण मंडपवाला पैशासाठी मांगंच उभा होता. "हजार एक, हजार दोन, हजार तीन!" अन् कोंबडा दिला त्यायच्या हातात.

पाळकसाहेबांनी दचकून डोळे उघडले. "अरे, मी तं प्रार्थना करून राह्यलो होतो!"

सुमनमावशी म्हणे, "मंग ऐकली नं देवानं!"