तीन तास चाळीस मिनिटं

...नाही, विमानांवर माझा राग नाही. विमान बिचारं सांगू तिकडे जातं. माझा राग आहे तो ह्या बाकांवर! बसा ना, बसा, पिशवी उचलतो मी, पाटीवर वाचलंत ना, दोन तास उशीर, तुमचंही तेच विमान? मग आता दोन तास आपण नातेवाईकच. तर बाक. दोन जागांच्या मधे हा लोखंडी दांडा कशाला लावतात, मला सांगा? माणसानं शेजारच्या माणसाला टेकू नये म्हणून! सहा महिन्यांनी स्वतःची बायको भेटावी आणि मधे हा दांडा... तक्रार नाही हं माझी, नुसतं सांगतोय.

आता सहा महिने बायको कुठे होती, असं तुम्ही विचाराल. विचारत नाही आहात, पण चेहऱ्यावर दिसतंय. तुम्हाला सांगतो, मी छापखान्यात, वर्तमानपत्राच्या, चौतीस वर्षं रात्रपाळी. आणि आमची ही नर्स, पुढे वॉर्डची मुख्य सिस्टर, तिची दिवसपाळी. मी सकाळी शाईचे हात घेऊन दारात यायचो तेव्हा ही पायात चप्पल सरकवत असायची. किल्ली ह्या हातातून त्या हातात. "दूध तापवलंय." "बरं." "धाकटीचं अंग कोमट वाटतंय." "बरं." झाला संसार! लोक म्हणायचे, तुमच्या घरातून कधी भांडणाचा आवाज येत नाही. अहो, भांडायला दोघं एका वेळी जागी नकोत?

म्हणून ठरवून एकाच महिन्यात रिटायर झालो. दोघांनी मिळून ठरवलेली ती पहिली गोष्ट. मी म्हटलं, आता बोलू. ती म्हणाली, कशाबद्दल? म्हटलं, ते बसल्यावर सुचेल.

बसतोय कुठले! तिसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन. ती असते सूर्य मावळतो त्या अंगाला, मुलगा असतो उगवतो त्या अंगाला, आणि आम्ही मधोमध, तराजूच्या काट्यासारखे. मुलीला दिवस गेलेले, त्यात जुळं, डॉक्टरांनी सांगितलं, झोपून राहा. आता आई नर्स असल्यावर दुसरं कोण जाणार? ही आठ दिवसांत गेली. मी म्हटलं, मीही येतो. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, बाबा, घर दोन खोल्यांचं आहे हो. बरोबरच आहे तिचं. तेवढ्यात मुलाचा फोन. "बाबा, तुम्ही एकटे काय करणार? जेवणाचे हाल होतील. त्यापेक्षा इकडे या, चिमणीला शाळेतून आणायलाही कुणीतरी हवंच आहे." त्यातला तो "ही" ऐकलात? "आणायलाही"! खरं कारण नेहमी वाक्याच्या शेपटीला असतं. चिमणी म्हणजे त्याची मुलगी, सहा वर्षांची. गेलो. तक्रार नाही, चिमणीनं माझा जीव रमवला. रोज शाळेतून येताना माझं बोट धरून मला रस्ता ओलांडून द्यायची, आणि घरी सांगायची, आजोबा आज नीट चालले.

पण फोन! मी उठावं तर आमची ही झोपायला टेकलेली, ती उठावी तर मी पेंगलेला. रविवारी जमायचं, तर मुलगा फोन धरून उभा, सून मागे, चिमणी मधे, आणि पलीकडे पडद्यावर नुसती बाळं, आधी पोटात, मग बाहेर. आमची ही कुठे? कोपऱ्यात एक खांदा. "बोला ना बाबा, बोला आईशी!" काय बोलू? चौघांच्या देखत काय बोलू? विचारलं, तिकडे पाऊस आहे का? ती म्हणाली, नाही. म्हटलं, इकडेही नाही. संपला रविवार.

मग सहा महिन्यांनी सुनेचं ऑपरेशन निघालं. तसं साधंच, पण महिनाभर वजन उचलायचं नाही. घरात बाईमाणूस हवं, त्यात नर्स असली तर सोन्याहून पिवळं. आणि मुलीकडची बाळं आता गाडीत घालून फिरवण्याजोगी झालेली, ते काम काय, आजोबाही करतील. दोघा भावंडांनी आपसात फोन केला आणि आमची अदलाबदल ठरवली! आई इकडे, बाबा तिकडे. वर मुलगा मला म्हणतो, "बाबा, गंमत सांगू? तिकिटं अशी काढलीत की मधल्या विमानतळावर तुम्ही दोघं भेटाल. तीन तास चाळीस मिनिटं!" इतक्या कौतुकानं म्हणाला की मी त्याला थँक्यू म्हटलं. लग्नाच्या बायकोला भेटायला मी मुलाला थँक्यू म्हटलं.

त्या रात्री मी कागदावर अकरा गोष्टी लिहिल्या. तिला सांगायच्या. काय ते तुम्हाला नाही सांगणार.

विमानतळ केवढा, तर आमचं आख्खं गाव आत मावेल. तिचं विमान लागणार त्या दारापाशी पोचलो तर ही गर्दी. आमच्यात नावानं हाक मारायची सवय नाही. म्हणून ओरडलो, "अगं!" चार बायकांनी मागे वळून बघितलं, त्यातली एकही आमची नाही. पाठीमागून आवाज आला, "अहो, कुणाला हाका मारताय?"

वळलो. तिचे केस पांढरे झाले होते. सगळे. कलप लावायचं सोडलं होतं तिनं, आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. फोनवर बाळंच दिसायची ना.

मग बाक शोधत फिरलो, दांडा नसलेला. पंचवीस मिनिटं गेली. लहान मुलांच्या घसरगुंडीपाशी सापडला. बसलो, मी खिशातला कागद चाचपला, तर ही म्हणते, "आधी चिमणीचं सगळं सांगा." पाळी बदलताना नर्स दुसऱ्या नर्सला सांगतात ना, तसं. मी सांगितलं, दुधात साय चालत नाही, पावाच्या कडा काढायच्या, शाळेचा तिसरा दरवाजा. मग तिनं सांगितलं, थोरला उजव्या कुशीवर झोपतो, धाकट्याच्या कानामागे तीळ आहे, आंघोळीला दोघांना एकदम न्यायचं नाही. मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं. दीड तास गेला. मग ती म्हणाली, "बोला आता." आणि मी कागद उलटा करेपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

उठवायला हवं होतं का? तुम्ही उठवलं असतंत? मी बसून राहिलो. हात मुंग्या येऊन येऊन बधिर झाला, म्हटलं होऊ दे. फरशी पुसणारी बाई यंत्र घेऊन आली, पाय उचला म्हणून खूण केली. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. तिनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तेवढी फरशी सोडून वळसा घालून गेली. हिच्या केसांना दवाखान्याचा वास असायचा चौतीस वर्षं. आता बाळाच्या तेलाचा येत होता.

तिच्या विमानाची घोषणा झाली तेव्हा हलवलं. दचकून उठली, घड्याळ बघितलं, "अहो, उठवलं का नाहीत? सगळा वेळ गेला." मी म्हटलं, "तू दमली होतीस." पिशवी घेतली, चार पावलं गेली, परत आली. म्हणाली, "तिकडे मला झोपच लागत नाही हो." आणि गेली.

तक्रार नाही... नुसतं सांगतोय. डोळ्यात? काही नाही, इथला हा एसी फार आहे.

पुढे काय! मी मुलीकडे गेलो, बाळांची गाडी ढकलली, तीन महिने ढकलली. शेवटी एक दिवस मुलीला म्हटलं, आता आम्ही घरी जातो, दोघं. ती म्हणाली, "आईला विचारलंत?" म्हटलं, "तिनंच सांगितलंय." धडधडीत खोटं! आयुष्यात पहिल्यांदा पोरीशी खोटं बोललो. तर त्याच आठवड्यात तिकडे हिनं मुलाला सांगितलं, "तुझ्या बाबांनी बोलावलंय." मी कुठे बोलावलं होतं? चौतीस वर्षांत एकमेकांना न विचारता आम्ही दोघांनी एकाच वेळी केलेली ही एकच गोष्ट, पण काय जुळली! वर्षाची दोघांची मिळून बारा विमानं झाली, आणि एकाही विमानात आम्ही शेजारी नाही.

घरी एकोणीस दिवस मिळाले. बोललो का म्हणाल, तर नाही. तिनं कपाटं आवरली, मी गळका नळ दुरुस्त केला. ती दुपारी झोपायची, मी शेजारी बसून पेपर वाचायचो, पान हळूच उलटायचो. बस्स. पण काय दिवस होते ते!

विसाव्या दिवशी दोघा पोरांचा एकदम फोन. तुमच्याशिवाय करमत नाही, आम्ही सगळेच येतोय सुट्टीला. आनंदच आहे! फक्त दोघांची विमानं एकाच दिवशी. मुलाचं इथे उतरणार, मुलीचं पलीकडच्या इमारतीत, मधे बसनं पंचवीस मिनिटं. तेव्हा मी इथे, आणि आमची ही तिथे. तिचंही विमान उशिराच आहे, दोन तास. एकटीच बसली असेल.

...अहो, थांबा. दोन तास इथं, दोन तास तिथं, आणि बस पंचवीस मिनिटांची. म्हणजे जाऊन यायला पन्नास, उरला तास. माझ्या डोक्यात आत्ता आलं हे! माझी जागा धराल जरा? विमान आलं तर सून, मुलगा आणि एक नाचणारी मुलगी... काय? पाटी बदलली? कुठे? "उतरले"? वीस मिनिटांपूर्वीच? अहो, मग तो दोन तास उशीर कुणाचा होता? ती बघा, ती बघा चिमणी, ट्रॉलीवर उभी राहिलीय, अगं पडशील!

थांबा हं, फोन आला. हो, हॅलो? आली गं इकडची मंडळी. हो, सगळी. तू बसलीस ना नीट?... काय?... अच्छा... बरं. ठेवतो.

काही नाही हो. म्हणाली, बरं झालं सांगितलंत, मी तुमच्याकडे यायच्या बसच्या रांगेत उभी होते. तिसरा नंबर होता.