माती पाच वाजता

(रविवारची दुपार. क्लबच्या विश्रामगृहाचं स्वयंपाकघर. भिंतीपलीकडे खेळाडू जेवायला बसले आहेत.)

झुल्मिरा : ...आणि ते वर्ष मी विसरेन कशी? त्याच वर्षी माझ्या लेकीचं, इरासीचं लग्न झालं. चर्चमधून सगळी मंडळी थेट इथे आली, याच अंगणात. तू तेव्हा संघाचा हिरो. नवरीपेक्षा बायकांचं लक्ष तुझ्याकडेच. आणि पंधरा दिवस झाले नाहीत तोच तुझा बाप गेला.

जुव्हेनाल : दोना झुल्मिरा, भात करपतोय.

झुल्मिरा : माझा भात आजवर कधी करपला नाही. विषय बदलू नकोस.

जुव्हेनाल : मग निदान हळू बोला. पलीकडे ओस्मार बसलाय.

झुल्मिरा : बसलाय आणि पुन्हा घेवडा मागतोय. कुठल्या हातानं वाढू त्याला? फोन मी घेतला, तू नाही. मावशी रडत होती त्याची. म्हणाली, त्याची आई लिंदाउरा झोपेतच गेली, पोराला पाठवा, पाच वाजता माती द्यायची आहे. या उन्हात त्याहून जास्त ठेवता येणार नाही. मी तुला सकाळी आठला सांगितलं, जुव्हेनाल. आता बारा वाजून गेले.

जुव्हेनाल : अध्यक्षांशी बोललोय मी. सामना संपला की सांगायचं ठरलंय.

झुल्मिरा : सामना चारला. संपेपर्यंत सहा. तोवर तिच्यावर माती पडलेली असेल.

जुव्हेनाल : मला कळतंय ते.

झुल्मिरा : कळतंय? मग असा भिंतीला टेकून काय उभा राहिलायस?

जुव्हेनाल : मग काय करू? आज हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार. ओस्मार गेला तर पुढे खेळवू कुणाला? त्या बेनेव्हालला? समोर रिकामं जाळं असलं तरी तो चेंडू पेट्रोलपंपावर मारतो.

झुल्मिरा : ते खरं आहे. परवा माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर मारला. तिन्ही पुन्हा धुतल्या.

जुव्हेनाल : आणि मी? गुडघा गेल्यापासून प्रशिक्षक म्हणून हेच करतोय. नवं गाव, नवा संघ, चार सामने हरलो की नारळ हातात. माझी बायको नाईर तर आता सामानाच्या खोक्यांच्या दोऱ्यासुद्धा सोडत नाही. म्हणते, सोडून काय करू, परत बांधायच्याच आहेत. इथे आल्यावर पहिल्यांदा तिनं परसात भेंडी लावली. गुरुवारी मला हाताला धरून दाखवायला नेलं. लहान मुलीसारखी.

झुल्मिरा : नाईरला सांगितलंस, तू काय करतोयस ते?

जुव्हेनाल : नाही.

झुल्मिरा : का?

जुव्हेनाल : हे बघा, ती बाई गेली. वाईट झालं. पण ती काही परत येणार नाही. मेलेल्याला घाई नसते, सामन्याला असते.

झुल्मिरा : काय म्हणालास?

जुव्हेनाल : ऐकलंत की.

झुल्मिरा : ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते त्या दागोबेर्तोच्या तोंडून. तेव्हा तो तुमचा प्रशिक्षक होता. तुझ्या बापाची बातमी त्यानं शुक्रवारपासून दाबून ठेवली होती. तू गोल केलेस, लोकांनी तुला खांद्यावरून इथवर आणलं, आणि या दारात उभं राहून त्यानं तुला सांगितलं. वर हेच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तू त्याच्या नरड्याला हात घातलास. चौघांनी ओढून काढलं तुला.

जुव्हेनाल : पुरे.

झुल्मिरा : मीच तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं होतं.

जुव्हेनाल : पुरे म्हटलं ना.

झुल्मिरा : दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो. दोन्ही हात वर, तोंडभर हसू.

जुव्हेनाल : आईनं तो पेपर चुलीत घातला. म्हणाली, बाप जमिनीत आणि पोरगा हसतोय. मी सांगितलं, आई, मला माहीत नव्हतं गं. तिनं ऐकून घेतलं. पण पटलं की नाही, ते ती मरेपर्यंत मला कळलं नाही.

झुल्मिरा : माझा भाचा कोंबड्यांची गाडी घेऊन ओस्मारच्या गावाकडेच निघालाय. साडेतीन तासांचा रस्ता. एक वाजेपर्यंत थांबवते त्याला. त्यापुढे कोंबड्या थांबायच्या नाहीत.

अध्यक्ष : काय वास सुटलाय! लसणाची फोडणी द्यावी तर दोना झुल्मिरांनीच. जुव्हेनाल, तू इथे काय करतोयस? पोरांशी बोल जरा.

जुव्हेनाल : येतोच, अध्यक्षसाहेब.

अध्यक्ष : ओस्मार खूश दिसतोय. छान. त्याला असाच ठेव. राजधानीहून मोठ्या क्लबचा माणूस आलाय, माझ्या घरी कॉफी पितोय. आज पोरानं दोन गोल केले की त्याचं नशीब उघडलं. त्या बाईनं लोकांचे कपडे धुऊन वाढवला त्याला. तिलाही हेच हवं असतं.

जुव्हेनाल : तिला विचारलंत?

अध्यक्ष : आता कसं विचारणार?

झुल्मिरा : तेच म्हणते मी.

अध्यक्ष : संध्याकाळी माझी स्वतःची गाडी देतो त्याला, ड्रायव्हरसकट. आणि फुलांचं मोठं चक्र आत्ताच धाडतो, क्लबच्या रंगांचं.

झुल्मिरा : म्हणजे फुलं माती द्यायला वेळेवर पोचणार, पोरगा नाही.

अध्यक्ष : दोना झुल्मिरा, तुम्ही भाताकडे बघा.

झुल्मिरा : आज सगळ्यांना माझ्या भाताचीच काळजी.

जुव्हेनाल : साहेब, समजा त्याला आत्ता सांगितलं.

अध्यक्ष : असलं काही समजायचंच नाही. काल रेडिओवर मी काय बोललो, ऐकलंस ना? जुव्हेनालवर माझा पूर्ण विश्वास आहे, असं सगळ्या गावासमोर बोललो.

जुव्हेनाल : ऐकलं. ते ऐकून नाईरनं खोकी खाली काढली. आजवर ज्या ज्या अध्यक्षानं रेडिओवर हे म्हटलं, त्यानं आठवड्याच्या आत मला घरी बसवलं.

अध्यक्ष : मग स्पष्टच ऐक. जिंकलास तर पुढचं वर्ष तुझं. हरलास तर माझा इलाज नाही. आणि ओस्मारला बाहेर ठेवून हरलास, तर या राज्यात शाळेच्या पोरांचा संघसुद्धा तुझ्या हाती कुणी देणार नाही. ते मी बघेन.

जुव्हेनाल : कळलं.

अध्यक्ष : काय कळलं?

जुव्हेनाल : नऊ नंबरचा शर्ट बेनेव्हालला द्यायचा.

अध्यक्ष : डोकं फिरलं तुझं? कालपासून पोरांना इथे कोंडलंय, फोन नाही, रेडिओ नाही, कुणाला काही कळलेलं नाही. फक्त सहा तास गप्प बसायचंय तुला! तोंड उघडायचंसुद्धा नाही!

जुव्हेनाल : दागोबेर्तोनंही तोंड उघडलं नव्हतं. दोना झुल्मिरा, भाच्याला थांबवा. आणि ओस्मारला आत बोलवा.

अध्यक्ष : बायकोचा तरी विचार कर.

जुव्हेनाल : भेंडी आठ दिवसांत तोडायला येईल. तेवढे दिवस घरात राहू द्या, बस.

अध्यक्ष : मी मैदानावर चाललो. आणि मी इथे आलोच नव्हतो, हे लक्षात ठेव.

झुल्मिरा : जा, जा. मागच्या दारानं जा, म्हणजे पोरगा दिसायचा नाही. ओस्मार! इकडे ये रे!

ओस्मार : काय झालं? आईशप्पथ सर, घेवडा मी दोनदाच घेतला. तिसरी ताटली बेनेव्हालची.

जुव्हेनाल : बस.

ओस्मार : बाहेर बसवताय? नका ना! आज नका बसवू, हवं तर पुढच्या रविवारी बसवा. मी रेडिओवाल्याला सांगून ठेवलंय, खेळ सुरू होताना आईचं नाव घ्यायचं. दोना लिंदाउरा, ऐकताय ना, असं. ती शेजारणीचा रेडिओ उचलून आणते आणि खिडकीत ठेवते, अख्ख्या गल्लीला ऐकवते. मी नाही खेळलो तर शेजारीण तिला जगू देणार नाही.

जुव्हेनाल : खुर्चीवर बस, पोरा.

ओस्मार : तुम्ही मला पोरा कधी म्हणता? गाढवा म्हणता. दोना झुल्मिरा, तुम्ही का रडताय? कांदा तर नाही चिरत.

झुल्मिरा : बस रे, बाळा. त्यांचं ऐक.

ओस्मार : सर?

जुव्हेनाल : मला हे सकाळी आठला कळलं आणि मी तुला आत्ता सांगतोय. त्याबद्दल मला काय बोलायचं ते तू परत आल्यावर बोल, मी ऐकून घेईन. मागच्या दाराशी गाडी उभी आहे. माती पाचला आहे, तू पोचशील. ओस्मार, तुझी आई, दोना लिंदाउरा, आज पहाटे वारली.