सुमनचा शनिवारचा नेम

माझ्या धाकट्या जावेचं, सुमनचं खूळ ऐका. दर शनिवारी माकडाला केळं घातल्याशिवाय बाई जेवत नाही. आमच्या अंबरपेठेत एरवी माकडांचा धुडगूस, पण गेल्या शनिवारी एक फिरकेल तर शपथ! भुकेनं तिला घेरी यायला लागली, तेव्हा मीच तिला प्राणिसंग्रहालयात ओढत नेलं.

तिथं पिंजऱ्यात सिंहासारखी आयाळ असलेलं काळं माकड होतं. सुमननं हात जोडून केळं काढलं. रखवालदार ओरडला, "अम्मा, नक्को! घने जंगल का जनावर है, थोडेच बचे! झाड से नीचे भी नै उतरते!"

"एकच घालते हो," सुमन रडकुंडीला आली.

मी तिचा हात धरला. "अगं, ते आपलं फळ आपण तोडून खातं. त्याला भिकारी करतेस?"

उपाशीच घरी आलो. बघतो तर स्वयंपाकघराची खिडकी उघडी, अन् चार माकडं ओट्यावर बसून सुमनचा वरणभात चापताहेत!

"पार पडला गं माझा नेम!" तिनं नमस्कार केला.

"आणि तू काय गिळणार?"

तिनं पिशवीतली केळी काढली. "त्यांनी माझं खाल्लं, मी त्यांचं खाते!"